बॅटरी बदलेपर्यंत

आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी पाच वर्षांनी संपली. पाणी घालूनही ती चार्ज धरेना. दुकानदार म्हणाला, "आता नवीनच घ्या, परवा आणून बसवतो." त्याच संध्याकाळी वीज गेली आणि आई आणि मी कित्येक वर्षांनी जिन्यात येऊन बसलो. समोरच्या सुशीलामावशी तिथे आधीच होत्या. त्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही.

"या बाई. पंखा रुसला वाटतं?" त्या आईला म्हणाल्या आणि सरकून त्यांनी जागा केली.

पूर्वी वीज गेली की अख्खी इमारत जिन्यात यायची. वीज फार वेळ आली नाही तर सगळी मिळून वीज कार्यालयावर जायची. मग एकेका घराने आपापल्यापुरता उजेड विकत घेतला आणि आमचा राग निवला. वीज मात्र तशीच जात राहिली. अंधार मावशींच्या एकटीच्या वाट्याला आला.

नवी बॅटरी बसली त्याच आठवड्यात पुन्हा वीज गेली. आमचा पंखा क्षणभर अडखळला आणि फिरू लागला. उघड्या दारातून मावशी दिसल्या. या वेळी त्यांनी मोठी सतरंजी आणली होती, हातपंखेही दोन. अंथरता अंथरता त्यांना आमच्या पंख्याची घरघर ऐकू आली असावी. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती, ती उठली नाही. उकाडा फार होता. मीही उठले नाही.

मावशींनी सतरंजी अर्धी दुमडली आणि आपल्यापुरती ठेवली.