धरणवाल्याच्या हाती ताडपत्री

जुबैलच्या कॅम्पात माझ्या समोरच्या खाटेवर जो माणूस झोपायचा, त्याचं तोंड उठल्याउठल्या बघायला नको म्हणून मी भिंतीकडे कूस करून झोपायला लागलो होतो. तरी घोरणं ऐकू यायचंच. इतकी वर्षं त्या घोरण्यात मला बिनघोर झोप लागत होती. आता वाटायचं, ह्या मेल्याला झोप येते तरी कशी? माझी वाडी बुडवायला निघालाय आणि खुशाल घोरतोय.

वाडी माझी, रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या खोबणीत. तो खालच्या गावचा, आमच्यापासून तासाभराच्या उतारावर. आम्हा दोघांत भाऊबंदकी नव्हती की बांधाचं भांडण नव्हतं. उलट मला सौदीत आणलं त्यानेच. व्हिसासाठी शब्द त्याने टाकला, विमानतळावर घ्यायला तो आला, आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खिशात नसेल तर गेटबाहेर पाऊल टाकू नकोस हेही त्यानेच बजावलं. हे सगळं मी आजही नाकारत नाही. पण उपकार वेगळे आणि वाडी वेगळी.

झालं असं, की आमच्या वाडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, सरकारने धरण बांधायचं काढलं. कागदावर त्याला तलाव म्हणतात, ऐकायला बरं वाटतं म्हणून. पाणी जाणार खालच्या गावाला आणि त्याच्या पुढच्या गावांना, आणि बुडणार आम्ही. घरं, काजू, रातांब्याची झाडं, पालखी टेकवायची सहाण, सगळं पाण्याखाली. माझं घर तर नवंकोरं. पाइप फिटरच्या पगारातून उभं केलेलं, वर स्लॅब, पुढे लोखंडी ग्रिल. बायको तिथे राहते. मी रजेपुरता. त्या घरात मी जेवढा झोपलो असेन त्यापेक्षा जास्त कंपनीच्या बसमध्ये झोपलोय.

वाडीने ठरवलं, धरण नको म्हणजे नको. मोर्चे-बिर्चे आम्हाला कुठले जमायला? जमिनीत भोक पाडून खडक तपासणारं मशीन येणार होतं, ते वाडीच्या वाटेवरून आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच ठरलं. वाटेत बसायचं. पण बसणार कोण? पुरुष निम्मे मुंबईत, निम्मे आखातात. मग बायका बसल्या आणि सोबत चार म्हातारे. माझी बायको पहिल्या दिवसापासून पुढच्या ओळीत. आणि मशीनला पाणी पुरवायला जो ट्रॅक्टर यायचा तो कुणाचा, तर ह्या समोरच्या खाटेवाल्याच्या सख्ख्या भावाचा. आता सांगा, मी भिंतीकडे तोंड करू नको तर काय करू?

खोलीत तिसरा एक होता, साताऱ्याकडचा. आम्हा तिघांची मेस एकत्र. स्वयंपाकाची पाळी लावलेली, एकच टोप, एकच पातेलं. शुक्रवारी सकाळी कतीफच्या मासळीबाजारात जायचं, बांगडा नाहीतर शेरी आणायची आणि दुपारी दाबून जेवायचं, हा आमचा सण. कालवणात आमसुलं पडायची ती माझ्या वाडीची, बायकोने स्वतः वाळवलेली. दर रजेला मी पिशवी भरून आणायचो.

ट्रॅक्टरचं कळलं त्या शुक्रवारी पाळी त्याची होती. त्याने नेहमीसारखा डब्यात हात घातला. मी डबा ओढून घेतला. म्हटलं, ज्या झाडांवर पाणी सोडणार आहेस त्यांची आमसुलं कालवणात टाकताना लाज कशी वाटत नाही तुला? त्याने फडताळातून लिंबू काढलं आणि पिळलं. बांगड्याच्या कालवणात लिंबू! मी ताटावरून उठलो. साताऱ्याचा बिचारा एकटा जेवत राहिला, मध्येच म्हणाला की तुमच्या धरणापायी माझ्या जेवणाची माती झाली.

त्या दिवसापासून मेस फुटली. मी वेगळा टोप आणला. त्याच्या भांड्याला माझं भांडं लागू द्यायचो नाही. लहान पोरांसारखं वागत होतो म्हणा, पण राग यायचा आणि तो राग मला हवाही होता. इतक्या लांब रियाल मोजत बसलेला मी, वाडीसाठी दुसरं करू तरी काय शकत होतो?

तोही काही गरीब गाय नव्हता. एकदा तोंड उघडलं तेव्हा सगळं ओकला. एप्रिल लागला की आमच्या बाया टँकरमागे धावतात, म्हणाला. हंडा घेऊन उतरताना माझी आई पडली, तिचा खुबा मोडला, ती उठलीच नाही परत. तुमच्या पऱ्याचं पाणी समुद्राला जातं आणि तुम्ही बघत बसता. मी म्हटलं, मग विहिरी खणा, आमच्या उरावर कशाला बसता? तेव्हा तो जे बोलला ते मला अजून लागतं.

"तुझ्या वाडीत राहतंय कोण? निम्म्या घरांना कुलपं. तू तरी राहतोस का?"

"तू राहतोस का खालच्या गावात?" मी ओरडलो.

साताऱ्याचा म्हणाला, दोघंही जुबैलला राहता, ओरडू नका, सिक्युरिटी येईल.

मेच्या सुरुवातीला बायकोचा व्हिडिओ कॉल आला. ज्या फणसाखाली त्या बसायच्या तो फणस मशीनच्या वाटेत येतो म्हणून तोडून टाकला होता. लगडलेला फणस. सगळ्या बायका उन्हात, डोक्यावर पदर नाहीतर टॉवेल. एका म्हातारीला भोवळ येऊन पडताना मी फोनवर बघितली. मागे तो ट्रॅक्टर उभा होता आणि ह्याचा भाऊ त्यावर बसून मोबाइल बघत होता. माझं रक्त असं उसळलं की फोन भिंतीवर आपटणार होतो. बायकोला म्हटलं, थांब, मी काहीतरी करतो.

रजा मी आधीच मागितली होती. दोनदा. प्लांटचा शटडाऊन चालू होता, म्हणजे सगळा कारखाना बंद ठेवून दुरुस्ती, आणि शटडाऊनमध्ये फिटरला रजा म्हणजे सुपरवायझरच्या मते विनोदच. दोन्ही वेळा तो हसला आणि मला यल्ला यल्ला करून कामावर पिटाळलं. आणि समोरच्या खाटेवाल्याला? तो कॅम्पाचा एसी मेकॅनिक, त्याचा शटडाऊनशी संबंध नाही. त्याची रजा एका सहीत मंजूर. जळफळाट म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकलो.

मी बलदमध्ये, म्हणजे शहरातल्या जुन्या बाजारात, जाऊन ताडपत्री घेतली. साइटवर वापरतात तसली, जाड, निळी, कडेला पितळी कड्या असलेली. वाऱ्याला फाटणार नाही, उन्हाला विरणार नाही. वीस माणसं आरामात बसतील एवढी. पण पाठवायची कशी? आमच्या बाजूला जाणारा त्या महिन्यात कॅम्पातला एकच माणूस होता, तोच.

आमच्यात एक रीत आहे. जो घरी जातो तो सगळ्यांचं सामान नेतो. कुणाची दुधाची पावडर, कुणाचं अत्तर, कुणाच्या पोरीचा फ्रॉक. नाही म्हणायचं नसतं. आज तू नाही म्हणालास तर उद्या तुझं कोण नेणार? ह्याच माणसाने माझ्या घराच्या नळाच्या तोट्यासुद्धा नेल्यात. म्हणून मी मुद्दाम ठरवलं, ताडपत्री ह्याच्याच बॅगेतून जाणार. ह्याच्या भावाच्या ट्रॅक्टरसमोर जी सावली पडेल ती ह्याने स्वतःच्या खांद्यावरून वाहून न्यायची. नाही म्हणाला तर अख्ख्या कॅम्पात तोंड काळं. काटा काढायचा तो असा, मी मनात म्हटलं, आणि मला बरं वाटलं, अगदी गार वाटलं.

तो बॅग भरत होता तेव्हा मी ताडपत्रीची गुंडाळी त्याच्या खाटेवर टाकली. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोललो, तेही एवढंच की माझ्या घरी द्यायची. ती कशासाठी आहे हे त्याला न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. त्याने कड्या चाचपून बघितल्या. साताऱ्याच्याने बॅग काट्याला अडकवली, वजन जास्त भरलं. मला वाटलं, आता हा सुटला, वजनाचं निमित्त मिळालं ह्याला. त्याने स्वतःच्या ब्लँकेटची पिशवी बाहेर काढली आणि ताडपत्री आत कोंबली.

"सामानाशी माझं वैर नाही," तो म्हणाला. "तुझ्याशी आहे."

खाली बस आली तेव्हा सगळे त्याला सोडायला गेले. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

मग मी वाट बघत राहिलो. कामावर नट आवळताना माझ्या डोळ्यांसमोर तेच, निळी ताडपत्री ताणलेली, खाली आमच्या बायका ऐटीत बसलेल्या, आणि ट्रॅक्टरवर भाऊ तोंड पाडून. साताऱ्याच्याला मी दोनदा ते चित्र रंगवून सांगितलं. तो म्हणाला, आता तरी पातेलं एक करू, धुवायला कंटाळा येतो.

बायकोचा फोन आला. मी पहिलंच विचारलं, मिळाली का? मिळाली म्हणाली. मग तिने सांगितलं ते असं. तो घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी चढण चढून वर आला, ती गुंडाळी खांद्यावर घेऊन, भर उन्हात. भावाच्या ट्रॅक्टरजवळून आला तेव्हा भाऊ त्याच्यावर खेकसला, तरी थांबला नाही. बायका बसल्या होत्या तिथे येऊन ती खाली ठेवली आणि म्हणाला, वहिनी, जुबैलहून आलंय. त्याला कुणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तोही पाणी मागायला थांबला नाही, घाम पुसला आणि मागे फिरून भावाशेजारी जाऊन उभा राहिला. तेव्हापासून रोज येतो, रोज समोर उभा राहतो.

मी म्हटलं, राहू दे उभा, निर्लज्ज आहे तो. ताडपत्री बांधलीत ना?

 मागून वाटेत अडलेल्या मशीनचा घरघराट येत होता.

"नाही बांधली," ती म्हणाली. "बांधायला वर कोण चढणार? आणि खरं सांगू का, हातच लागत नाही तिला. त्यांचा माणूस येऊन उभा राहिला हो. आमच्या माणसाने सामान पाठवलं."

मी भडकलो. रजा देत नाहीत, दोनदा मागितली, शटडाऊन आहे, मी इथे काय मजा मारतोय का, हे घर कुणाच्या घामाचं आहे, जे जे तोंडात आलं ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. बरं म्हणाली. मग कुणीतरी तिला हाक मारली, पोलिसांची गाडी वर येतेय म्हणून, आणि तिने फोन ठेवला. मी हॅलो हॅलो करत राहिलो. पुन्हा लावला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद होता.

त्या संध्याकाळी मला तिचा राग आला, त्याचा आला, धरणाचा, सुपरवायझरचा, त्या निळ्या ताडपत्रीचा आला. आणि सगळ्यात जास्त राग ह्याचा आला, की घर बांधायला मी तिथून गेलो आणि आता ते वाचवायला तिथे मीच नाही. साताऱ्याच्याने माझ्यापुढे ताट सरकवलं. मी ते परत त्याच्याकडे सरकवलं.

सकाळी बसमध्ये चढलोच नाही. कॅम्प ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क केरळचा, भला माणूस, वर्षानुवर्षं आमचे कागद करतो. त्याला वाटलं मी पुन्हा रजेचं तुणतुणं लावणार, म्हणून आधीच हात हलवायला लागला. मी म्हटलं, रजा नको, खुरूज लाव. खुरूज म्हणजे कायमचं जाणं, परतीचा व्हिसा नाही, खलास. तो खुर्चीतून पुढे सरकला. त्याने मला समजावलं की शटडाऊन संपू दे, बोनस बुडेल, या वयात दुसरीकडे कोण घेणार, आणि गावातलं ते घर बुडालं तर खाणार काय? मी म्हटलं, ते तिथे गेल्यावर बघू.

त्याने सुस्कारा सोडून कॉम्प्युटरकडे तोंड केलं आणि विचारलं, कारण काय लिहू?

"लिही," मी म्हटलं, "घर में आदमी कम पड़ रहा है."