एकोजीमामाची होडी

कुंभकोणात भांड्यावर नाव घालावं ते आमच्या एकोजीमामानंच. ताट घासून झिजेल, पण त्यानं पाडलेले ठिपके पुसायचे नाहीत. आता कॉफीच्या दुकानात लोक हसतात, "समुद्र ओलांडून गेला अन् एक पाटी धड कोरली नाही!" दात पाडावेसे वाटतात एकेकाचे.

निकोबारच्या एका बेटावर दुसऱ्या महायुद्धातलं जपानी तोफेचं भुयार आहे. तिथल्याच माणसांना मारून मारून ते खणून घेतलं, कित्येक त्यातच मेले. त्रेपन्न साली तिथं पितळी पाटी लावायला एका साहेबानं मामाला जहाजानं नेलं. मजकूर दिला, 'हे भुयार जंगली लोकांनी खणलं.'

"जंगली काय? नावं सांगा, घालतो," मामा म्हणाला.

"त्यांना कसली आलीत नावं!"

मग मामाच गावात गेला. एका म्हातारीचा मुलगा भुयारात मेला होता. दुभाष्याकरवी मामानं त्याचं नाव विचारलं, तर तिनं तोंडच फिरवलं. मेलेल्याचं नाव त्यांच्यात घेत नाहीत. देवळाला दिलेल्या भांड्यांवर जन्मभर मेलेल्यांचीच नावं कोरणारा मामा शरमला.

"मग काय घालू, अम्मा?"

तिनं बोटानं वाळूत मुलाची होडी काढली. मामानं पाटीवर तीच घातली, अक्षर एक नाही. साहेबानं पाटी फेकली आणि मामाला हाकललं. म्हातारीनं ती उचलून भुयाराच्या तोंडाशी उभी केली.

आता सांगा, जंगली कोण?