उपटसुंभाची हार्डडिस्क

बस थांबायच्या आत उतरणारी आणि चहा गाळायच्या आत कप पुढे करणारी माणसं असतात, त्यांतलाच हा एक. धंदा लग्नाच्या शूटिंगचा. हात चांगला होता, फक्त त्या हाताला दम नव्हता. कॉम्प्युटरला लावलेली वस्तू काढायची म्हणजे धरायची आणि उपटायची, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून वहिनीने त्याचं नाव उपटसुंभ ठेवलं. अशाच एका उपटण्यात एका लग्नातली नवरी साफ नाहीशी झाली, तेव्हा ते नाव गल्लीनेही मान्य केलं. नवरदेव होता, पाहुणे होते, बँडवाले होते. नवरीची फाइल तेवढी उघडेना.

वहिनी घरातल्या आतल्या खोलीत बसून त्याचं शूटिंग कापायची-जोडायची. नवरी गेल्यापासून तिने कायदा केला होता: कॉम्प्युटरला आधी विचारायचं, काढू का म्हणून. तो काढा म्हणाला, की मगच हात लावायचा.

त्या दिवशी मात्र कायदा पाळण्याजोगी उपटसुंभाची अवस्था नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणी सांगितलेलं नसताना एक फिल्म केली होती. गल्लीतल्या बायकांनी रस्सीखेचीचा संघ काढला होता. बहुतेकींना नातवंडं झालेली, आणि दोराच्या शेवटच्या टोकाला कंबरेला वेढा घेऊन त्याची आई. थोरल्या भावाने आधीच ऐकवलं होतं की म्हाताऱ्यांची ओढाताण बघायला कुत्रंही येणार नाही. उपटसुंभ वरून हसला होता, पण ते वाक्य त्याच्या पोटात कुठेतरी रुतून बसलं होतं. आणि आता थिएटरवाल्याने मोठ्या सिनेमाच्या आधी पंधरा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पाचच्या आत फिल्म हातात पडली पाहिजे.

फिल्म हार्डडिस्कवर तयार होती. कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलेला, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती. दारात मोटरसायकल उभी, डोक्यावर हेल्मेट. वहिनीने रीतसर विचारलं, काढू का. पडद्यावर उत्तर आलं: हे उपकरण वापरात आहे, नंतर प्रयत्न करा.

वहिनीने पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या मिटल्या. पुन्हा विचारलं. वापरात आहे. गाण्यांचा प्लेअर बंद केला, फोटोंचा बंद केला. वापरात आहे. उपटसुंभ खोलीत येरझाऱ्या घालत होता. कोण वापरतंय, मी वापरतोय का, तू वापरतेयस का, असं तो हेल्मेटच्या आतून विचारत होता, आणि वहिनी त्याला सांगत होती की तू फक्त माझं डोकं वापरतोयस. शेवटी ती कॉम्प्युटरच बंद करायला निघाली. पण त्याच्या बोटांनी तोवर वायर धरलीही होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ललकारी आली, "ओढ! ओढ!"

उपटसुंभाला वाटलं, कौल मिळाला. त्याने मूठ आवळली. वहिनीने त्याच्या मनगटावर फटका मारला.

"सोड आधी. कोण ओढ म्हणतंय, ते बघून ये."

आतल्या खोलीच्या भिंतींना आवाज अडवायला जाड स्पंज लावलेला, म्हणून इतका वेळ काही कळलं नव्हतं. दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत अख्खा संघ बसलेला. गिऱ्हाइकांना आपलं लग्न मोठ्या टीव्हीवर बघता यावं, म्हणून वहिनीने टीव्ही कॉम्प्युटरशी जोडून ठेवला होता. ती सोय आईने हेरली होती, आणि हार्डडिस्कवरची फिल्म संघाला लावून दिली होती. हार्डडिस्क वापरात होती ती अशी.

उपटसुंभाने रिमोट उचलला. आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "बाळा, मधे उभा राहू नकोस, शेवटची खेच आहे."

शेवटची खेच त्या हरल्या होत्या, हे त्या खोलीत प्रत्येकीला पाठ होतं. तरी एकीने शेजारणीचा दंड धरला होता, दुसरीने पदर दातांत. दोर मधल्या रेषेवर थरथरत होता. उपटसुंभाने हे दृश्य कापताना शंभरदा पाहिलं असेल, पण बघणारी तोंडं आज प्रथमच पाहिली. हेल्मेट काढून तो जमिनीवर बसला. वहिनी दारातून घड्याळ दाखवत होती. त्याने तिलाच हाताने थांबायची खूण केली. वहिनीने भिंतीला टेकून घेतलं.

दोर पलीकडे गेला, नावं वर सरकली, आणि पाय कुणाचा घसरला यावरून खोलीत भांडण पेटलं. आईने टीव्ही बंद केला. वहिनीने विचारलं, आणि कॉम्प्युटर एका दमात म्हणाला, आता काढता येईल.

मग जी मोटरसायकल सुटली, ती थेट थिएटरच्या जिन्याशी थांबली. थिएटरवाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, पाच कधीच वाजले, आता जाहिरातींनंतर लावतो. लावली.

उपटसुंभ मागच्या भिंतीशी उभा राहिला. संघ अजून वाटेत होता. हॉलमध्ये ओळखीचं एकही डोकं नव्हतं. दोर ताणला गेला. शेवटच्या रांगेतला कुणी एक परका गृहस्थ, मांडीवर पिशवी घेतलेला, हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकला. त्याने चपला काढल्या, आणि आपण काय करतोय याचा पत्ता नसताना दोन्ही टाचा पुढच्या खुर्चीला घट्ट रोवल्या.