सरांचा परत केलेला अर्ज

केरबा सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवणीच्या तहसील कचेरीत एका बांधाच्या भांडणाची सुनावणी घेत होते. एका भावाचं सांगून झालं होतं, दुसऱ्याचं अर्ध्यावर आलं होतं. फोन सरांच्या पत्नीचा, काकूंचा. "सर गेले गं, सकाळी..." एवढंच त्या बोलल्या. मी उठले नाही. दुसऱ्या भावाचं सगळं ऐकून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या, आणि मगच गाडी काढायला सांगितली. कुणाला हे कोरडेपणाचं वाटेल. पण अर्ध्यावर उठले असते तर ते सरांनाच आवडलं नसतं. आता सहा आठवडे झालेत, म्हणून निदान लिहायला हात धजतोय.

सर नायगावच्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. त्या काळी हा विषय म्हणजे दुसरं काही मिळालं नाही म्हणून घ्यायचा. माझे आईवडील दोघंही रोजानं शेतात जाणारे. दादांना, म्हणजे वडिलांना, तर तो विषय ऐकूनच हसू आलं होतं. ते सरांना गाठून म्हणाले, "पोरगी हे शिकून कोणतं राज्य चालवणार हाय सर?" सर म्हणाले, "राज्य न्हाई दादा, कचेरी. तीबी नीट चालवायला माणसं पाहिजेत की." मी तेव्हाच मनात कचेरीतली खुर्ची टाकून बसले होते.

ती खुर्ची सरांनी आधी लिंबाखालच्या ओट्यावर आणून ठेवली. त्यांचा दंडकच होता... तिसऱ्या वर्षाच्या पोरापोरींनी बाजाराच्या दिवशी तहसीलसमोरच्या लिंबाखाली बसायचं आणि येईल त्याचा अर्ज फुकट लिहून द्यायचा. पण अर्ज आत जाण्याआधी सरांच्या नजरेखालून जायचा. त्यांचे लाल शाईचे शेरे दोनच. 'परत लिही' आणि 'पुढं जाऊ दे'. दुसरा शेरा पहिल्या खेपेला कुणालाच मिळाला नाही. माझ्या वाट्याला पहिल्या दिवशी सुंदराबाई आल्या, नवरा गेलेल्या, निराधार योजनेसाठी. मी असा काही अर्ज लिहिला की विचारू नका. दोन पानं, राज्याची कर्तव्यं, मूलभूत हक्क, समतेचं कलम. सरांनी तो शांतपणे वाचला.

"घटनेचं कलम हाय. बाईचं गाव कुठं हाय?"

मी पान उलटंपालटं केलं. गाव नव्हतंच. नवरा कधी गेला तेही नव्हतं. "तिला तोंडानं सांगू दे आधी," सर म्हणाले. "तू तिचं ऐकलंच न्हाईस, तुझं पुस्तक ऐकत बसलीस." लाज वाटली, रागही आला. पण त्या बाईंचं काम होईपर्यंत चार महिने सरांनी मला दर बाजाराला कचेरीत पाठवलं. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, का अडतो, कोण काय अधिकारात करू शकतो, हे मी तिथं शिकले. पुढं स्पर्धा परीक्षेत प्रशासनाच्या प्रश्नाला मला घोकंपट्टी लागली नाही, सुंदराबाई आठवायच्या. राज्यशास्त्रानं काय दिलं म्हणून मला कुणी विचारलं तर मी हे चार महिने सांगते.

वर्गातही त्यांचं तसंच. सत्तेचं विभाजन शिकवताना म्हणायचे, "सरपंच तोच, तलाठी तोच आन फौजदारबी तोच झाला, तर तुमी दाद मागायची कुणाकडं?" आणि न्यायाचं सूत्र एकच: दुसऱ्या बाजूचं ऐकल्याबिगर निकाल न्हाई.

निवृत्तीनंतर सर आपल्या गावी, देवणीजवळ, शेतीला आले आणि योगायोगानं मी तिथंच नायब तहसीलदार म्हणून रुजू झाले. मरणाआधी तीन आठवडे ते कचेरीत आले, तेही रांगेतून. शेताचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्यानं अडवला होता, त्याचा अर्ज. मी तो दोनदा वाचला. अर्जात शेजाऱ्याचं नावच नव्हतं, गट नंबरही नव्हता. मग नोटीस कुणाला काढायची? आमचे कारकून हळूच म्हणाले, "मॅडम, सरांचा हाय. आपणच भरून टाकू की." एका ओळीचं काम होतं. आणि समोर बसलेला माणूस म्हणजे ज्याच्यामुळं मी या खुर्चीत होते तो... पण उद्या तो शेजारी म्हणाला असता, मॅडमनी आपल्या गुरुजींचा अर्ज स्वतःच लिहिला, तर त्याचं काय चुकलं असतं? मी त्रुटीचं पत्र केलं. काय राहिलंय, गट नंबराचा उतारा कुठं मिळेल, कुणाला भेटायचं, सगळं सोप्या भाषेत लिहिलं आणि अर्ज परत केला. आणि सुनावणी तहसीलदार साहेबांनी घ्यावी, असंही वर कळवलं. सरांनी पत्र वाचलं, घडी घातली, छत्री उचलली आणि निघून गेले.

ते गेले ते गेलेच. सर वारल्यापासून मला एकच गोष्ट खात होती. सर दुखावले तर नव्हते?

गेल्या रविवारी काकूंकडे गेले. धीर करून विचारलं, "काकू, सरांनी माझी परीक्षा घेतली होती का ओ?"

"कशाची परीक्षा," काकू म्हणाल्या, "खरंच इसरले होते की. घरी येऊन दोन दिवस सोताच्याच गाढवपणावर हसले. गावात ज्याला त्याला सांगायचे, माझा अर्ज माझ्याच पोरीनं परत केला म्हणून. दुरुस्त करून थोरल्या साहेबांकडं दिला की त्यांनी नंतर."

मग त्यांनी कपाटातून एक खाकी फाइल काढली. लिंबाखालचे आमचे सगळे पहिले अर्ज सरांनी जपून ठेवले होते. माझी ती दोन पानं होती, कलमांनी भरलेली, वर 'परत लिही'. त्यालाच टाचणीनं लावलेलं माझं त्रुटीचं पत्र. माझ्या सहीच्या शेजारी लाल शाईत सरांनी लिहिलं होतं... 'पुढं जाऊ दे.'

पहिल्याच खेपेला.