उष्णता जायची कुठे

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात, मी प्रयोगशाळेची उपकरणं डिझाइन करते. त्या वर्षी एका औषध कंपनीसाठी आम्ही कॅलरीमीटर बनवत होतो. दोन रसायनं एकत्र आली की किती उष्णता निघते, ते मोजणारं यंत्र. आम्ल आणि अल्कली मिसळल्यावर किती निघायला हवी ते पुस्तकात दिलेलंच असतं. त्यावरून यंत्र तपासायचं. आमचं दर वेळी कमीच दाखवायचं.

तीन महिने गेले. सेन्सर बदलले, भांड्याभोवतीचा थर्माकोल वाढवला, प्रोग्राम पुन्हा लिहिला. तुळिंजला घरी पोचल्यावर जेवायचाही कंटाळा यायचा. नवरा विचारायचा, "आज?" मी नुसती नकारार्थी मान हलवायचे.

शेवटी माझा संशय झाकणावर गेला. ते आमच्या लेथवर सुटे भाग कातणाऱ्या काकांनी बनवलं होतं. सांडोरहून स्कूटरने येणारा, साठीला आलेला अबोल माणूस. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "काका, झाकण नीट बसत नाही. उष्णता इथूनच जाते. लक्ष कुठे असतं तुमचं?" त्यांनी दुसरं झाकण करून आणलं. आकडा तेवढाच आला.

त्या दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. "बाय, रागावणार नसशील तर विचारतो. ढवळायचा दांडा स्टीलचा कशाला? कालवणात स्टीलचा डाव राहिला तर त्याची मूठ तापते ना?"

दांडा मीच ठरवला होता. मजबूत हवा म्हणून जाड स्टीलचा, भांड्यातून थेट वर मोटरपर्यंत. उष्णता त्यातूनच निघून जात होती.

"टेफ्लॉनचा करून बघू? तो तापत नाही," त्यांनीच सुचवलं.

दोन दिवसांत नवा दांडा बसला. आकडा बरोबर आला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा बरोबर. आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त पाय दुखतायत एवढंच जाणवत होतं. काकांना म्हटलं, "त्या दिवशी मी उगाच बोलले तुम्हाला."

"होतं असं, बाय," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा मेल आला. त्यांना थांबणं शक्य नव्हतं, परदेशी यंत्र घेतलं होतं. आमचं यंत्र वर्षभर कपड्याखाली झाकून पडलं. मग एका कॉलेजने घेतलं. ते बसवून द्यायला काका आणि मी टेम्पोतून गेलो. परत येताना काका बसल्याबसल्याच झोपले, आणि थोड्या वेळाने मीही.