मामाची मांडी

तालमीत शोभेल म्हणून आजोबांनी नाव ठेवलं विजयसिंह. पोरगं रांगायला लागलं आणि गुडघे सुजवून बसलं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर गोठत नाही. दुखणं आईच्या रक्तातून आलेलं. पुढं पाय लंगडा झाला तेव्हा घरच्यांनी गावभर सांगितलं, ट्रॅक्टरवरून पडला. धाकट्या बहिणीचं, प्रियदर्शनीचं लग्न जमायचं होतं ना. थाप मारणारे आई-वडील गेले; ती थाप सांभाळायला हा एकटा उरला.

आता चौतिशीचा विजयसिंह शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत संगणकावर साच्यांची चित्रं काढतो. बहीण मुरगूडला दिलेली. तिच्या सासरी तो जात नाही, कुणी पायाची चौकशी केली की पुन्हा ट्रॅक्टर काढावा लागतो. खोलीवर डबा येतो, तेव्हा डबेवाल्या बाईंशी भाजीबद्दल उगाच बोलत उभा राहतो. एकटेपणा त्याला खातो, पण सांगणार कुणाला?

त्याची खरी विचारपूस व्हायची ती दवाखान्यात. गुरुवारी तिथं सगळे एकाच खोलीत येतात: रक्ताचे डॉक्टर, गुडघा वाकवून बघणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई, दातांचे डॉक्टर, घरची हकीकत विचारणाऱ्या मोना मॅडम. ह्याच्या दाढेपासून घोट्यापर्यंत सगळं त्यांना ठाऊक. एकच खोटं तिथंही रेटलेलं, "मला बहीण न्हाय." बहीण म्हटलं की तिला तपासायला बोलावणार आणि सासरी बोभाटा होणार.

मग प्रियदर्शनीचा फोन आला. "दादा, रविवारी ऋतुराजचं कान टोचायचं हाईत. मामाची मांडी लागती की. ह्या खेपेला न्हाय म्हणू नगस."

"रांगतोय काय?"

"रांगतोय की. अंगावर निळं डाग पडत्यात नुसतं. लई आपटतोय."

आई विजयसिंहाच्या लहानपणाबद्दल हेच सांगायची. प्रियदर्शनीला भावाचं दुखणं माहीत होतं. ते तिच्या पोरात उतरू शकतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"कान टोचू नगस," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

"तुला ठावं हुतं? माझ्या लग्नाआधी?"

"व्हय."

फोन बंद झाला.

त्या गुरुवारी ती पोराला घेऊन दवाखान्यात आली. नवरा बाहेर गाडीतच बसून राहिला. ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. मोना मॅडम दोघांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"बहीण हाय माझी," विजयसिंह म्हणाला. "खोटं बोललो हुतो."

रक्त काढायची वेळ आली. नर्स म्हणाली, पोराला कुणीतरी घट्ट धरा. प्रियदर्शनी उठली आणि भावाकडं न बघता तिनं ऋतुराजला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मामाच्याच मांडीवर बसवायचं हुतं," ती म्हणाली.

सुई गेली. पोरानं टाहो फोडला आणि मामाचा शर्ट मुठीत धरला. विजयसिंहानं कापूस दाबला, नेहमीच्या सवयीनं, नेटानं. बऱ्याच वेळानं नर्स म्हणाली, "थांबलंय हो. काढा आता."

तो काढेना. बोट उचललं की पोरगं परत आईकडं जाणार होतं.