राजवाड्यातून रिकामा डबा

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक, हे कुणाला दाखवून विचारायची घरी सोय नव्हती, अजूनही नाही. परीक्षेच्या पेपराबाहेर इतकं लिहायची ही पहिलीच वेळ आहे. कुठे जास्त बोललो असं वाटलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सिडनीला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षात मी एका विषयात अडकलो होतो. विषय युरोपातल्या इमारतींचा इतिहास, आणि अडकलो ते नेमका बरोक शैलीत. सगळं वळणावळणाचं, फुगलेलं, सोन्याने मढवलेलं. कितीही पाठ केलं तरी डोक्यात राहायचं नाही. पुन्हा परीक्षा दिली. निकाल शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, ईमेलने येणार होता. पास झालो तर पुढच्या आठवड्यातल्या पदवीदानात माझं नाव, नाहीतर थेट पुढच्या वेळी. आई-पप्पा मात्र त्या समारंभासाठी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून सिडनीतल्याच वेंटवर्थव्हिल भागात माझ्या खोलीत येऊन राहिले होते. परतीचं तिकीट बदलता येणारं नव्हतं. त्यांना हे सगळं माहीत होतं.

"आला का रे?" आई सोमवारपासून विचारत होती.

"शुक्रवारी येणार, आई."

"ते कळलं. पण लवकर आला तर?"

शुक्रवारी घरात बसवणार नाही हे ओळखून मी त्यांना राजवाडा दाखवायला न्यायचं ठरवलं. तसा ऑस्ट्रेलियात खरा बरोक राजवाडा कुठला असायला. पण लोकरीच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एका माणसाने युरोपातला राजवाडा बघून इथे आपलं घर तसंच बांधलं, भोवती तशीच बाग केली, आणि आता तिकीट काढून ते बघता येतं. त्या माणसाची पणती अजून वरच्या मजल्यावर राहते, हेही मी वेबसाइटवरून मोठ्याने वाचून दाखवलं. ते वाचायला नको होतं.

"म्हणजे कुणाच्या तरी घरीच चाललोय की आपण," आई म्हणाली आणि तिने बेसन भाजायला घेतलं.

तिकीट काढून जाणाऱ्याने काही न्यायचं नसतं, हे मी तिला ट्रेनमध्ये आणि नंतर बसमध्येही सांगितलं. तिने मांडीवरचा लाडवांचा स्टीलचा डबा फक्त थोडा घट्ट धरला.

दारावरच्या वयस्कर व्हॉलंटियर बाईंपुढे आईने तो ठेवला. बाईंनी विचारलं, यात नट्स आहेत का? मी आईला विचारलं.

"नाहीत म्हणून सांग. आणि म्हणावं, पुढच्या वेळी काजू घालीन."

बाई हसल्या आणि डबा घेऊन वर गेल्या. आम्ही आत गेलो. आता माहिती सांगायची माझी पाळी होती. मी छताकडे बोट दाखवून म्हणालो, "बरोकमध्ये छत असं रंगवायचे की छत कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये."

"पावसाळ्यात कळत असेल," पप्पा म्हणाले.

आरशांच्या दालनात आईने फक्त एवढंच विचारलं, की हे पुसतं कोण.

आत फोनला रेंज नव्हती. बागेतल्या कोरड्या कारंज्यापाशी मात्र दोन काड्या दिसल्या. पप्पांनी नोकरीभर नगरपालिकेच्या नळाचं पाणी सोडलं आहे. त्यांनी कारंज्याला एक फेरी मारली आणि विचारलं, "यांचा पाण्याचा वार कुठला?" पाणी दुपारी सोडतात असं पाटीवर होतं. ते काठावर बसले. मी फोन त्यांच्या हातात दिला. "वाजला की लगेच या."

मी आणि आई परत दालनात आलो, कारण डबा परत मिळायचा होता. डब्यासकट दिलं असं त्यांना वाटलं असेल, असं मी म्हणून पाहिलं. "डबा कुणी देतं का?" आई म्हणाली.

शेवटी मालकीणबाई स्वतःच खाली आल्या. पायात गमबूट, हाताला माती. लाडू फार छान होते, दोन आपण खाल्ले आणि एक कुत्र्याने पळवला, असं सांगून त्यांनी डबा दिला. आईने झाकण उघडून आत पाहिलं. डबा लखलखीत धुतलेला होता. आत काहीच नव्हतं.

"एवढा मोठा वाडा," आई माझ्या कानाशी म्हणाली, "आणि डब्यात घालायला चिमूटभर साखर नाही? बाळा, आज नको रे रिकामा डबा."

आम्ही बौद्ध. शकुन-अपशकुन मानायचे नाहीत हे मला शिकवलं तेही आईनेच. मी तिला तशी आठवण करून दिली.

"शकुनाचं कोण म्हणतंय? रीत असते."

तिचा चेहरा खरोखरच उतरला होता. मग मी धीर करून मालकीणबाईंना म्हणालो, "माफ करा, माझ्या आईला थोडी साखर मिळेल का? शक्य असेल तर लगेच."

पुढचं सगळं फार भराभर झालं. आईची शुगर एकदम उतरली असं त्यांना वाटलं असावं. मालकीणबाईंनी आईचा दंड धरला. व्हॉलंटियर बाईंनी मखमली दोर बाजूला केला आणि 'बसू नये' अशी पाटी असलेल्या सोनेरी कोचावर आईला आडवं केलं. कुणी ज्यूस आणायला धावलं, कुणी पायांखाली उशी सरकवली.

"मला काय झालंय?" आई छताकडे बघत म्हणाली.

"काही नाही. तू जरा पडून राहा, नाहीतर त्यांना वाईट वाटेल."

साखरेची वाटी आली. आईने त्यातली चिमूटभर साखर घेतली, डब्यात टाकली, झाकण लावलं आणि टुणकन उठून बसली. साखर न खाता बरा झालेला पेशंट त्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पा त्या गुळगुळीत लाकडी फरशीवरून जवळजवळ घसरतच आत आले. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"पाणी सोडलं! आणि हा वाजला. हिला काय झालं?"

"माझं राहू द्या हो," आई म्हणाली. "तू वाच."

माझा पासवर्ड दोनदा चुकला. मग ईमेल उघडली. मी ती आधी मनात वाचली, मग मराठीत करून मोठ्याने सांगितली. विषयात उत्तीर्ण, आणि पुढच्या आठवड्याच्या पदवीदानाच्या यादीत नाव घेतलं आहे. सोबत दोन पाहुणे आणता येतील.